साडेतीन म्हणजे ‘हाल्प फीअर’: टिळकवाडीतल्या एका जर्मन क्लासचं परीक्षण

बेळगावात जर्मनच्या क्लासची जाहिरात बघितली की एक ओळ हमखास असते: ‘पहिल्या दिवसापासून फक्त जर्मन, भाषांतर अजिबात नाही.’ पालकांना ही ओळ आवडते. फी जास्त असली तरी क्लास आधुनिक आहे असं त्यांना वाटतं. इथे ज्या क्लासबद्दल लिहिलंय तिथे ही ओळ नाही. तिथे मराठी आणि कन्नड उघडपणे वापरतात, कधी वापरायची आणि कधी नाही हे ठरवून वापरतात. म्हणूनच तो नीट तपासून बघावासा वाटला.

क्लास टिळकवाडीत पहिल्या मजल्यावर आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण तपासायची आहे ती पद्धत, आणि ती दुसऱ्या कुठल्याही क्लासला लावून बघता येते. ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची बॅच बारा आठवड्यांची. शनिवार-रविवार रोज तीन तास, म्हणजे एकूण ७२ तास. जर्मन शिकवणारे ४५ मिनिटांची तासिका धरतात, त्या हिशेबाने ९६ तासिका होतात. फी साडेनऊ हजार, पुस्तक वेगळं घ्यायचं, छापील कागद फीतच. एका बॅचला जास्तीत जास्त अठरा जणं. त्यात नर्सिंग संपवलेल्या मुली सगळ्यात जास्त, मग एम. एस. करायला जाणारी इंजिनिअर मुलं, आणि नवरा तिकडे नोकरीला असल्यामुळे व्हिसासाठी ए-वन लागणाऱ्या दोन-तीन बायका. खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, बैलहोंगल अशा सगळ्या बाजूंनी मुलं येतात. घरची भाषा कुणाची मराठी, कुणाची कन्नड, कुणाची उर्दू.

आमचं मत आधीच सांगून टाकतो: क्लास घेण्यासारखा आहे. पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात, त्या पुढे येतील.

तीन तासांची वाटणी अशी: पहिली वीस मिनिटं आकडे आणि जुन्या शब्दांची उजळणी, पन्नास मिनिटं नवा धडा, दहा मिनिटं चहा, चाळीस मिनिटं ऐकण्याचा सराव, आणि शेवटचा एक तास फक्त बोलणं. फळ्याच्या कोपऱ्यात एक पुठ्ठा टांगलेला असतो, एका बाजूने हिरवा, दुसऱ्या बाजूने लाल. हिरवा दिसतोय तोवर मराठी-कन्नड चालतं. लाल केला की शिक्षिकाही जर्मनशिवाय बोलत नाहीत. हिरवा फक्त नव्या धड्याच्या पन्नास मिनिटांत. एवढ्याशा पुठ्ठ्यामुळे मुलांच्या डोक्यातला गोंधळ जातो. भाषांतर ‘चोरून’ करावं लागत नाही, आणि ते सबंध तासभर पसरतही नाही.

नवं वाक्य शिकवायची रीत बघण्यासारखी आहे. शिक्षिका आधी जर्मन वाक्य म्हणतात: ‘मीअर इस्ट काल्ट.’ मग हळू आवाजात, बाजूला सांगितल्यासारखं: ‘मला थंडी वाजतेय.’ लगेच पुन्हा मोठ्याने, दोनदा: ‘मीअर इस्ट काल्ट.’ अर्थ पोचला, आणि कानात शेवटी राहिलं ते जर्मन. त्यानंतर फळ्यावर त्याच वाक्याचा सांगाडा: मीअर म्हणजे ‘मला’, इस्ट म्हणजे ‘आहे’, काल्ट म्हणजे ‘थंड’. मला आहे थंड. मराठीत असं कुणी बोलत नाही, आणि ते मुलांना ठाऊक असतं. पण वाक्य कसं बांधलंय ते दिसलं, की तेच बांधकाम वापरून ‘मला गरम होतंय’ ती स्वतः करतात. अर्थाचं भाषांतर एक आणि सांगाड्याचं भाषांतर वेगळं. ही दोन्ही वेगळी ठेवणं हा या क्लासचा सगळ्यात मोठा गुण. बाकी ठिकाणी दोन्हींची खिचडी होते.

हेच वाक्य इंग्रजीतून शिकवलं तर काय होतं? ‘आय ॲम कोल्ड’वरून मूल ‘इश् बिन काल्ट’, म्हणजे ‘मी आहे थंड’, असं करतं. जर्मन माणसाला त्यातून थंडी वाजत असल्याचं कळत नाही, बोलणारा थंड स्वभावाचा आहे असं काहीतरी ऐकू येतं. मराठीत ‘मला’ आहे, कन्नडमध्ये ‘ननगे’ आहे, उर्दूत ‘मुझे’ आहे. वर्गातल्या सगळ्या मुलांच्या घरात जी रचना आधीच आहे ती सोडून, ती नसलेल्या इंग्रजीच्या दारातून जर्मनमध्ये शिरायचं, हा उलटा प्रवास आहे. आपल्याकडे ‘भाषांतर नको’ म्हणणाऱ्या बऱ्याच वर्गांत प्रत्यक्षात इंग्रजीत भाषांतर चालूच असतं, फक्त त्याला कुणी भाषांतर म्हणत नाही. मनाई होते ती मराठी-कन्नडला.

याचा घाव कुठे बसतो ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको. मराठी माध्यमातून आलेला खानापूरकडचा मुलगा अशा वर्गात मागच्या बाकावर बसतो. इंग्रजी कच्चं, म्हणून जर्मन जमणार नाही असं तो स्वतःच ठरवून टाकतो. जर्मनमध्ये एकवीसला ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश्’ म्हणतात, म्हणजे एक आणि वीस. एकवीस! बावीस, तेवीस, पंचवीस, सगळीकडे एकक आधी. हा मुलगा आकडे जन्मापासून असेच म्हणत आलाय. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ‘ट्वेंटी-वन’ उलटं करावं लागतं, कन्नड मुलालाही ‘इप्पत्तोंदु’ उलटं करावं लागतं. मराठी मुलाला फक्त एकोणतीस, एकोणचाळीस अशा आकड्यांना जपावं लागतं, कारण जर्मनमध्ये तिथे सरळ नऊ-आणि-वीस, नऊ-आणि-तीस असतं. क्लासमध्ये दुसऱ्याच दिवशी हे फळ्यावर मांडतात. मागच्या बाकावरचा मुलगा फोन नंबरच्या श्रुतलेखनात पहिला येतो, आणि पुढच्या शनिवारी तो मागे बसत नाही.

आता घड्याळ. भाषांतर कुठे तारतं आणि कुठे बुडवतं हे दोन्ही या एका धड्यात दिसतं. पावणेतीन म्हणजे ‘फीअर्टेल फोर द्राय’, पाव तास तीनच्या आधी. सव्वातीन म्हणजे ‘फीअर्टेल नाख द्राय’, पाव तास तीननंतर. मराठीची आणि जर्मनची इतकी छान गट्टी जमते की मूल खूश होऊन पुढे जातं आणि साडेतीनला ‘हाल्प द्राय’ म्हणून मोकळं होतं. इथे चुकलं. जर्मनमध्ये ‘हाल्प द्राय’ म्हणजे तीनला अर्धा तास कमी, अडीच. साडेतीनला ‘हाल्प फीअर’ म्हणायचं, म्हणजे चारच्या दिशेने अर्धं. ऐकण्याच्या परीक्षेत भेटीची वेळ, गाडीची वेळ असलेच प्रश्न असतात, आणि तिथे नेमका तासाचा फरक पडतो. पुढे नोकरीत औषधाच्या वेळेला हा तास चुकला तर काय होईल ते नर्सिंगच्या मुलींना सांगावं लागत नाही.

क्लासमध्ये यावर केलेला उपाय साधा आहे. पुठ्ठ्याच्या घड्याळावर काटा साडेवर आणला की पुढच्या आकड्यावर बोट ठेवायचं आणि तोच आकडा बोलायचा. ‘साडे’ हा शब्द त्या दहा मिनिटांत कुणी उच्चारायचाच नाही. म्हणजे पावणे-सव्वाला भाषांतर करून घेतात आणि साडेला बंद करतात. कन्नड मुलांना वेगळी अडचण येते, त्यांच्याकडे पावणेतीनला ‘एरडू मुक्कालु’, म्हणजे दोन आणि पाऊण, म्हणून त्यांना ‘फीअर्टेल फोर’ची सवय वेगळी करून घ्यावी लागते. शिक्षिकांना हे ठाऊक आहे आणि त्या कन्नड मुलांकडून ते पाच वेळा जास्त म्हणवून घेतात.

दुसरी जागा भूतकाळाची. जर्मनमध्ये ‘मी गेलो’ला ‘इश् बिन गेगांगन’ आणि ‘मी खाल्लं’ला ‘इश् हाबे गेगेसन’. कधी ‘बिन’ घ्यायचं आणि कधी ‘हाबे’, हे इंग्रजीतून शिकणाऱ्याला क्रियापदांची यादी पाठ करून लक्षात ठेवावं लागतं. मराठीत त्यासाठी आयती चाचणी आहे. मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी पत्र लिहिलं: क्रियापद कर्माप्रमाणे बदललं की बहुतेक वेळा ‘हाबे’. मी गेलो, मी गेले, मी आलो, मी पडलो: क्रियापद कर्त्याप्रमाणे बदललं, तर दुसरा प्रश्न विचारायचा: जागा किंवा अवस्था बदलली का? बदलली तर ‘बिन’. झोपलो, हसलो, रडलो, बोललो यांत जागा बदलत नाही, म्हणून तिथे ‘हाबे’. ‘राहिलो’ म्हणजे थांबलो, आणि ‘होतो’, यांना मात्र ‘बिन’, तेवढे अपवाद लक्षात ठेवायचे. दोन प्रश्नांत काम होतं.

पण बेळगावात या चाचणीला एक भोक आहे, आणि पुण्याहून आणलेल्या टिपणांत ते सापडणार नाही. इथलं घरचं मराठी कन्नडच्या शेजारानं घडलेलं. ‘मी काम केलो’, ‘मी चहा पिलो’, ‘मी सांगितलो’ असंच आपण बोलतो. मग चाचणी लावली की सगळीच क्रियापदं कर्त्यामागून जाणारी निघतात, आणि मूल ‘मी चहा पिलो’वरून ‘बिन’ लावून बसतं. पहिल्या बॅचच्या कागदावर ही चूक होती, आता दुरुस्त केलीय: ‘पुस्तकातल्या मराठीत वाक्य म्हणा, मग चाचणी लावा.’ आपली बोली चुकीची नाही, ती जर्मनच्या या एका कामाला उपयोगी पडत नाही, एवढंच. शिक्षिका हे ज्या आदराने सांगतात त्याची नोंद घ्यायला हवी. मुलांना हसत नाहीत.

मराठी जिथे दगा देते त्या जागाही कागदावर हव्यात. त्यातली सगळ्यात मोठी ‘ला’ची. मी भावाला मदत करतो, मी भावाला विचारतो. आपल्याकडे दोन्हीकडे ‘ला’. जर्मनमध्ये पहिलं ‘इश् हेल्फे डेम ब्रूडर’, दुसरं ‘इश् फ्रागे डेन ब्रूडर’. ‘डेम’ आणि ‘डेन’ वेगळ्या विभक्ती, आणि मराठी दोन्हींना एकाच पिशवीत भरते. कन्नडलाही इथे भरवशाचं मानता येत नाही. इथे भाषांतर करत बसलात तर चूक पक्की होते. क्लासमध्ये नुसतं क्रियापद कधीच शिकवत नाहीत, त्याच्या जोडीदारासकट शिकवतात: ‘हेल्फेन डेम’, ‘फ्रागेन डेन’, जोडीने पाठ. ही एकच यादी आम्हाला पाठांतराच्या बाजूने पटते.

‘मला दोन भाऊ आहेत’ हेही तसंच. ‘मला थंडी वाजते’च्या जोरावर मूल इथेही ‘मीअर’ लावतं. पण जर्मनला इथे ‘हाबेन’ लागतं: ‘इश् हाबे त्स्वाय ब्र्यूडर’. भूक-तहानेलाही तेच, ‘इश् हाबे हुंगर’. आपल्याकडे जवळ असणं सांगणारं वेगळं क्रियापद नाही, म्हणून इथे इंग्रजीचं ‘हॅव’ मदतीला घेतात आणि पुढे जातात. इंग्रजीशी वैर धरायचं कारण नाही, जिथे तिचं बांधकाम जुळतं तिथे तीच बरी.

लिंगाबद्दल थोडक्यात. मराठीत तीन, जर्मनमध्ये तीन, म्हणून निर्जीव वस्तूंनाही तीन लिंगं असतात हे मराठी मुलाला समजावून सांगावं लागत नाही. कन्नड मुलाला लागतं, त्याच्याकडे निर्जीव वस्तू सगळ्या एकाच वर्गात. पण वाटणी जुळत नाही: ती खुर्ची तिकडे पुल्लिंगी, तो दरवाजा तिकडे स्त्रीलिंगी, ते पुस्तक नशिबाने नपुंसकलिंगीच. म्हणून नामाआधी लागणारा पुल्लिंगी ‘डेर’ निळ्या, स्त्रीलिंगी ‘डी’ लाल आणि नपुंसकलिंगी ‘डास’ हिरव्या शाईने लिहायचा. ‘डास’ वाचून पहिल्या दिवशी सगळी हसतात, आणि त्या हसण्यामुळेच तो शब्द कुणी विसरत नाही.

वाक्यातला शब्दक्रम मात्र भाषांतराने शिकवताच येत नाही, आणि क्लास तसा प्रयत्नही करत नाही. ‘आज मी येत नाही’ याला ‘हॉयटे कोमे इश् निश्ट’: ‘आज’ पुढे आलं की क्रियापद दुसरं, ‘मी’ तिसरं. मराठीही नडते, इंग्रजीही नडते. त्यासाठी चार खुर्च्या ओळीत मांडतात. दुसऱ्या खुर्चीत क्रियापदाचं कार्ड घेतलेली मुलगी बसते, आणि तिने उठायचंच नाही असा नियम. बाकीच्यांनी हव्या त्या खुर्च्या बदलाव्यात. ‘आज’ पहिल्या खुर्चीत आलं की ‘मी’ला उठून तिसरीकडे जावं लागतं. पंधरा मिनिटं हा खेळ, एक शब्द मराठीचा नाही, आणि सगळ्यांना समजतं.

नर्सिंगच्या मुलींसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात, कारण त्यांना ए-वनवर थांबायचं नसतं, तिकडच्या नोंदणीसाठी साधारण बी-टूपर्यंत, म्हणजे चौथ्या पातळीपर्यंत, जावं लागतं, आणि इथे लागलेली सवय तिथवर पुरते. पहिली ‘तू’ आणि ‘तुम्ही’. जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’. इंग्रजीत हा भेद हरवतो, मराठीत-कन्नडमध्ये तो जागच्या जागी आहे. पण आपल्याकडे आई ‘तू’ आणि बाबा ‘तुम्ही’ असतात, म्हणून नाटुकल्यात मुली वडलांना ‘झी’ म्हणतात. तिकडे घरातले सगळे ‘डू’. आणि वयस्कर पेशंटला आपण सहज ‘आजी, औषध घ्या’ म्हणतो. त्यात माया असते, आदर असतो. जर्मनमध्ये ‘ओमा’ म्हणून भाषांतर केलं तर परक्या बाईला ते खटकू शकतं. तिथे ‘फ्राउ’ आणि आडनाव, आणि ‘झी’. नात्याचा शब्द ओलांडून जात नाही. मायेला दुसरी जागा शोधावी लागते, ती म्हणजे आवाज आणि ‘बिटे’.

या ‘बिटे’चं भाषांतर क्लासच्या कागदावर ‘जरा’ असं छापलंय, ‘कृपया’ नाही. ज्याने हे लिहिलं त्याला दोन्ही भाषा कळतात. ‘कृपया’ आपण पाटीवर वाचतो, तोंडाने कुणी म्हणत नाही. ‘जरा दार लाव’, ‘जरा इकडे बघा’ यात जो ‘जरा’ आहे, तोच ‘बिटे’. मोबाइलमधलं भाषांतर ‘कृपया’ देतं, मुलं तो शब्द परका म्हणून सोडून देतात, आणि मग जर्मनमध्ये त्यांची प्रत्येक विनंती हुकमासारखी ऐकू येते.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याचं संपूर्ण भाषांतर वहीत उतरवून घेणं. साधारण सातव्या आठवड्यापासून, मुख्य शिक्षिका नसतात त्या दिवशी, हा प्रकार चालतो. ओळीवर ओळ मराठी, मुलं माना खाली घालून लिहितात, पुठ्ठा हिरव्याचा लाल होतच नाही. चाळीस-चाळीस मिनिटं जातात, आणि जातात ती बोलण्याच्या तासातून. पालकांना मात्र हेच आवडतं. भरलेली वही दिसते ना! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या वह्यांचा मान मोठा आहे, आणि त्या पिढीचं लिहिलेलं इंग्रजी आजही नेटकं असतं. पण वाक्य वहीतच राहिलं, तोंडातून दहा वेळा गेलं नाही, तर बोलण्याची वेळ आली की माणूस आधी मनात मराठी रचतो, मग शब्द शोधतो, तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. वहीवर उतारा घ्यायचाच असेल तर घरी घ्यावा, आणि पूर्ण नको, अडणारी तीन वाक्यं पुरे.

दुसरी तक्रार उच्चाराची. मुलं जर्मन शब्द देवनागरीत लिहून ठेवतात आणि त्यांना कुणी अडवत नाही. या लेखात आम्हीही देवनागरीतच लिहितोय, पण ते वाचण्यापुरतं. बोलायला ते पुरत नाही. ‘इश्’ हा शब्द एका वहीत ‘इश’, दुसरीत ‘इख’, तिसरीत ‘इच’ असा सापडतो, आणि खरा आवाज तिन्हींत नाही. ‘ई’ म्हणताना जीभ जिथे असते तिथेच ठेवून नुसता श्वास सोडला की तो येतो. एकदा ‘इख’ वहीत बसला की सहा महिने निघत नाही. पहिले तीन आठवडे लिहिण्याआधी ऐकणं सक्तीचं करायला हवं. त्यात ऐकवतात ते मोबाइलच्या स्पीकरवर, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचत नाही. एका बऱ्या स्पीकरला फार पैसे पडत नाहीत.

तिसरी तक्रार न्यायाची आहे, आणि बेळगावात ती हलकी समजू नये. छापील कागदांवर दोन रकाने असायला हवेत, मराठी आणि कन्नड. पहिल्या चार धड्यांना आहेत. पाचव्यापासून कन्नडचा रकाना रिकामा, आणि शिक्षिका तोंडी भरून काढतात. गोकाक-बैलहोंगलच्या मुलांनी तेवढीच फी भरलेली असते. घरच्या भाषेचा आधार चांगला हे तत्त्व मानायचं तर तो वर्गातल्या प्रत्येकाच्या घरच्या भाषेचा असायला हवा. नाहीतर जी तक्रार आपण इंग्रजीबद्दल करतो तीच कन्नड मुलं मराठीबद्दल करतील, आणि बरोबर करतील. सध्या नव्या धड्याच्या वेळी मुलांना घरच्या भाषेप्रमाणे तिघा-तिघांत बसवतात आणि बोलण्याच्या तासाला मुद्दाम मिसळतात. मिसळलेल्या गटात मराठी मुलगी आणि कन्नड मुलगा यांच्यात जर्मन हीच सोयीची भाषा उरते, ही कल्पना फार चांगली आहे. रकाने तेवढे भरावेत.

मोबाइलवरच्या भाषांतराबद्दल क्लासचा नियम असा: एकटा शब्द टाकायचा नाही, निदान चार शब्दांचं वाक्य टाकायचं. बरोबर आहे. ‘वार’ एवढंच टाकलं तर सोमवार-मंगळवारमधला वार, तलवारीचा वार, की कापड मोजायचा वार, हे यंत्राला कसं कळणार? जर्मनचंही तसंच, ‘श्लोस’ म्हणजे कुलूपही आणि राजवाडाही. ‘तुम्ही’चं ‘झी’ होईल याचीही खात्री नसते, म्हणून प्रत्येक उत्तरात ‘डू’ आहे की ‘झी’ हे आधी बघायला लावतात. नियम चांगला आहे, पाळला जातोय का हे तपासणारं कुणी नाही.

भाषांतर वाईट, ही समजूत आली कुठून तेही थोडं सांगायला हवं, कारण जाहिरातवाले ती आजची शोधलेली गोष्ट म्हणून विकतात. लॅटिन-ग्रीक शिकवायची व्याकरण आणि भाषांतराची जुनी रीत युरोपातल्या शाळांनी जिवंत भाषांनाही लावली होती. मुलं वाचायची, पण बोलायची नाहीत. १८७८मध्ये बर्लिट्झ नावाच्या भाषाशिक्षकाने अमेरिकेत शाळा काढून वर्गात फक्त शिकायची भाषा वापरायला सुरुवात केली, १८८२मध्ये जर्मनीत व्हिल्हेल्म फिएटोर या भाषातज्ज्ञाने जुन्या रीतीविरुद्ध पुस्तिका काढली. त्यांची तक्रार रास्त होती, आणि ती आमच्या वरच्या पहिल्या तक्रारीपेक्षा वेगळी नाही: उतारेच्या उतारे वहीत उतरवणं. पण बर्लिट्झच्या शाळेत सुरुवातीला शिकवणाऱ्याला विद्यार्थ्यांची भाषाच येत नव्हती असं सांगतात, तिथे दुसरा इलाजही नव्हता. आपल्याकडे शिक्षिकेला मुलांच्या भाषा येतात. हा साठा बंद करून ठेवायचा कशाला? ए-वन, बी-टू या पातळ्या ज्या युरोपीय चौकटीतून आल्या, तिने २००१मध्येच एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत पोचवणं हे कौशल्य म्हणून मानलं, आणि २०२०च्या पुरवणीत त्याला भरपूर जागा दिली. दवाखान्यात एका भाषेतलं ऐकून दुसरीत समजावून सांगणं हे नर्सचं रोजचंच काम असणार आहे.

परीक्षेत मात्र भाषांतराचा एकही प्रश्न नसतो, हे पालकांनी लक्षात ठेवावं. गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपण मॅक्सम्युलर भवन म्हणतो त्यांच्या, ए-वन परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं एवढंच, १००पैकी ६० गुणांना पास. त्यासाठी इथल्या मुलांना पुणे-बंगळूरसारख्या मोठ्या शहरात जावं लागतं, म्हणजे फी वाया गेली की प्रवासही वाया. लिहिण्यात एक फॉर्म भरायचा आणि साधारण तीस शब्दांचं पत्र, दिलेल्या तीन मुद्द्यांवर. इथे मराठीतून विचार करणारी मुलं सवयीने खुशाली विचारण्यातच बारा शब्द घालवतात आणि तिसरा मुद्दा राहून जातो. क्लासमध्ये शेवटचे तीन आठवडे हे पत्र रोज लिहून घेतात, पुठ्ठा लाल ठेवून. तपासताना आधी तीन मुद्दे मोजतात, मग व्याकरण. हा क्रम योग्य आहे.

पैसे भरण्याआधी विचारायच्या त्या दोन गोष्टी. एक: मुख्य शिक्षिका बाराही आठवडे असणार का, आणि नसतील त्या दिवशी बोलण्याचा तास होणार का? दोन: तुमच्या घरच्या भाषेचा कागद बाराही धड्यांचा तयार आहे का? कागद हातात घेऊन बघा, नुसत्या ‘आहे की’वर जाऊ नका. शक्य असेल तर एक शनिवार मागे बसून बघायची परवानगी मागा, ती देतात. चहानंतरच्या वेळात जा, आणि नजर पुठ्ठ्यावर ठेवा. तो लाल असेल आणि तरी मुलं बोलत असतील, तर प्रवेश घ्या.